माफी, सूट आणि हजामत

२०२५ च्या नोव्हेंबरांतील एका बाजारच्या दिवशीं आम्ही गांवच्या न्हाव्याच्या दुकानांत नंबर लावून बसलों होतों. खुर्चीवर एक वृद्ध शेतकरी होते. त्यांच्या दोन्ही गालांस फेंस लागला होता, त्यामुळें त्यांचें तोंड बंद. आणि बोलत होता तो पुण्यास कंपनींत नोकरी करणारा, चार दिवसांच्या सुटीवर आलेला त्यांच्याच भावकींतील एक तरुण. नागपुरास शेतकऱ्यांचें मोठें आंदोलन नुकतेंच होऊन गेलें होतें व कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ च्या आंत करूं, असा शब्द सरकारनें दिला होता. ती बातमी फोनवर वाचून तरुण म्हणाला, "म्हणजे पुन्हां आमच्याच खिशांत हात. कर आम्ही भरायचा आणि कर्ज यांचें फिटायचें."

दुकानांत पांचसहा असामी बसले होते. सगळे शेतकरी. एकानेंही उत्तर केलें नाहीं. जो तो खालीं पाहूं लागला. एकानें उगाच चपलेचा अंगठा चांचपला. कर्जमाफीचें नांव निघालें कीं शेतकऱ्यानें चोरासारखी मान घालावी, हें आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों. ती मान कां खालीं जाते व ती खालीं जाण्याजोगें खरोखर कांहीं आहे काय, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

त्या तरुणास पहिलें विचारणें असें कीं, बाबा रे, करदाता म्हणजे कोण ? ज्याच्या पगारांतून प्राप्तिकर कापला जातो तेवढाच काय ? १ जुलै २०१७ रोजीं देशभर जी. एस. टी. सुरू झाला. तेव्हांपासून चप्पल म्हणा, दाढीचें पातें म्हणा, पावसाळ्यांत घरावर टाकावयाचा पत्रा म्हणा, कराचा पैसा मोजल्याशिवाय कोणाच्या घरीं आलेला नाहीं. डिझेलच्या प्रत्येक लिटरांत एक कर केंद्राचा व दुसरा राज्याचा. शेतकऱ्याचें तर याहून विलक्षण आहे. ट्रॅक्टरवर शेंकडा १२ कर होता, तो सप्टेंबर २०२५ मध्यें ५ वर आला, हें बरें झालें. परंतु खतावर ५ आणि पिकावर मारावयाच्या रासायनिक औषधावर १८ हे दर २०१७ मध्यें बसले ते बसलेच. आतां दुकानदार काय करतो ? माल घेतांना भरलेला कर तो माल विकतांना भरावयाच्या करांतून वजा करून घेतो. शेतकऱ्याच्या ज्वारीवर व भाजीवर कर नाहीं, म्हणून त्याला वजा करण्यास जागा नाहीं. खतावर व औषधावर भरलेला सगळा कर त्याच्या अंगावर राहतो. त्याची पावती कोणी चौकटींत घालून भिंतीला लावीत नाहीं, इतकेंच. तेव्हां "आम्ही कर भरतों" हें वाक्य त्या दुकानांतील प्रत्येकास म्हणतां आलें असतें, वस्तरा चालविणाऱ्यासही.

दुसरें विचारणें सुटीविषयीं. फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकांत वर्षास १२ लाखांपर्यंत मिळकत असणारास प्राप्तिकरांत पूर्ण सूट मिळाली. सरकारच्याच सांगण्याप्रमाणें त्यापायीं तिजोरीचे सुमारें १ लाख कोटी रुपये सुटले. आम्हांस त्याचा विषाद नाहीं. महागाईनें पगारदारही गांजला आहे, आणि आमचीच पोरें आतां पगारदार आहेत. पण त्या दिवशीं कोणी असें म्हटलें काय कीं, या सुटीनें पगारदारांस कर बुडविण्याची संवय लागेल ? म्हटलें नाहीं. तिला 'रिबेट' असें इंग्रजी नांव आहे, आणि इंग्रजी नांव असलें कीं वस्तु आपोआप सभ्य होते.

सगळी मेख नांवांतच आहे. सरकारनें आपलें घेणें सोडलें, किंवा दुसऱ्याचें देणें अंगावर घेतलें, तर त्या कृत्यास किती नांवें आहेत पाहा. शेतकऱ्याचें सोडलें तर माफी. माफी कोणास देतात ? गुन्हेगारास. कंपनीचें सोडलें तर प्रोत्साहन. बँकेच्या बुडालेल्या भांडवलाची भर केली तर पुनर्भांडवलीकरण. हा शब्द उच्चारतांनाच माणसाचा दम जातो, मग त्यावर शंका कोण काढणार ?

दोन वर्षांच्या अंतरानें घडलेल्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवतों.

जून २०१७ मध्यें महाराष्ट्र सरकारनें छत्रपती शिवाजी महाराजांच्या नांवानें शेतकरी सन्मान योजना काढली. आंकडा जाहीर झाला ३४,०२२ कोटींचा. माफीची मर्यादा दीड लाखाची. मग अर्ज सुरू झाले. आधार आणा, खात्याचा उतारा आणा, नवराबायको दोघेंही या आणि यंत्रावर अंगठे द्या. ऐन पावसाळ्यांत, खुरपणीचे दिवस टाकून, लोक सेवाकेंद्राच्या दारांत उभे. म्हातारीच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रास उमटेना, म्हणून तिला दुसऱ्या दिवशीं पुन्हां बोलवावें, असे प्रकार आमच्या डोळ्यांदेखत झाले. मग याद्यांचे घोळ. सन्मान योजनेंतील सन्मान तो हा.

२० सप्टेंबर २०१९ रोजीं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीं कंपन्यांच्या करांत कपात जाहीर केली. मूळ दर ३० वरून २२ वर आला; नव्या कारखान्यांस १५. तिजोरीस वर्षास १,४५,००० कोटींची तूट येईल, असें सरकारनेंच सांगितलें. आणि हें कसें केलें ? त्याच दिवशीं वटहुकूम काढून. अर्ज नाहीं, रांग नाहीं, कोणाच्या बायकोचा अंगठा नाहीं. मुंबईचा शेअरबाजार त्या एका दिवसांत १,९०० हून अधिक अंशांनीं उसळला. त्या दिवशींचें लोकमत म्हणून जें छापून आलें त्यांत बहुतेक आनंदीआनंदच होता.

या कपातीनें कारखाने वाढतील व पोरांना नोकऱ्या लागतील असें तेव्हां सांगण्यांत आलें. किती लागल्या तें ज्याच्या त्याच्या घरांतील पोरांवरून ज्यानें त्यानें ताडावें. एवढें मात्र हिशेबांत दिसतें कीं, २०२३-२४ सालीं व्यक्तींकडून आलेला प्राप्तिकर कंपन्यांकडून आलेल्या करापेक्षां अधिक भरला. म्हणजे पुण्याच्या त्या तरुणाच्या खिशांत हात कोणाचा गेला, हें त्यानें एकदां नीट पाहावें. खुर्चीवर बसलेल्या आपल्या चुलत्याकडे बोट करण्यापूर्वीं पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

आतां बँकांच्या उपदेशाकडे वळूं. २०१७ च्या मार्चांत स्टेट बँकेच्या तेव्हांच्या अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांनीं, कर्जमाफीनें कर्ज फेडण्याची शिस्त मोडते, असें सांगितलें. पुढच्याच महिन्यांत रिझर्व्ह बँकेचे तेव्हांचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनींही त्याच सुरांत प्रामाणिक कर्जफेडीच्या चालीस धक्का बसतो म्हणून इशारा दिला. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. हप्ता वेळेवर भरणाऱ्या शेतकऱ्यास माफीच्या वर्षीं आपण मूर्ख ठरलों असें वाटतें, हें आम्हीं ऐकलें आहे. परंतु त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत काय झालें ? सरकारी बँकांस सावरण्यासाठीं २,११,००० कोटींची योजना जाहीर झाली. त्या बँका कोणाच्या कर्जानें खचल्या होत्या ? पोलादाचे कारखाने, वीज, रस्ते यांसाठीं मोठमोठ्या घराण्यांनीं उचललेल्या कर्जांचा त्यांत फार मोठा वाटा होता. तेव्हां शिस्तीविषयीं इशारा देणारे कोठें गेले होते ? गव्हर्नरांनीं तर त्या योजनेचें स्वागतच केलें.

येथें बँकेचा साहेब आम्हांस अडवील व म्हणेल, अहो, कर्ज खात्यांतून काढणें आणि माफ करणें यांत फरक आहे. आहे, कबूल. कर्ज चारपांच वर्षें थकलें व त्याची सोय नफ्यांतून करून ठेवली कीं बँक तें आपल्या ताळेबंदांतून काढते. त्यास निर्लेखन म्हणतात. ऋणको मोकळा होत नाहीं, वसुली चालू राहते. हा भेद न समजतां जे सभांतून बोलतात ते आपलेंच नुकसान करतात, कारण समोरचा त्यांना एका वाक्यांत गप्प करतो. पण भेद समजून घेतल्यावर आंकडाही समजून घ्यावा. ऑगस्ट २०२३ मध्यें सरकारनें लोकसभेंत सांगितलें कीं, २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनीं १४.५६ लाख कोटी रुपये असे काढून टाकले, त्यांपैकीं ७.४० लाख कोटी मोठे उद्योग व सेवा यांचे. आणि त्या नऊ वर्षांत निर्लेखित कर्जांची वसुली किती ? २.०४ लाख कोटी. म्हणजे रुपयास चौदा पैसे. सोसायटीचा सचिव दोन एकरवाल्याकडून रुपयास चौदा पैसे घेऊन "वसुली चालू आहे, जा घरीं" असें म्हणतो काय ?

याच सुमारास न्हाव्यानें एक प्रश्न विचारला, त्यामुळें आमची मोठी करमणूक झाली. तो म्हणाला, "दादा, मोठ्या लोकांच्या बातम्यांत तें हेअरकट हेअरकट म्हणतात, त्यांत आमच्या धंद्याचा काय संबंध ?" तरुणानें सांगितलें कीं, कंपनी बुडाली म्हणजे धनको आपल्या घेण्यांतील जी रक्कम सोडून देतात तिला हेअरकट म्हणतात.

शेतकऱ्यांस कळेल असें उदाहरण मराठवाड्यांतलेंच आहे. व्हिडिओकॉन कंपनीचे दूरचित्रवाणी संच एके काळीं घरोघर होते. पैठणच्या रस्त्यावर तिचा कारखाना. ती कर्जांत बुडाली. मान्य झालेलें देणें सुमारें ६४,८०० कोटींचें. आणि जून २०२१ मध्यें कंपनी-न्यायाधिकरणानें जी बोली मंजूर केली ती सुमारें २,९६२ कोटींची. रुपयास पांच पैसेही नाहींत. घेणारा जवळ जवळ कांहींच देत नाहीं, असें खुद्द त्या न्यायाधिकरणानें नमूद केलें. सगळ्यांत वाईट अवस्था झाली ती कंपनीस सुटे भाग व माल पुरविणाऱ्या लहान कारखानदारांची. त्यांच्या वांट्यास रुपयामागें पुरता एक पैसादेखील येत नव्हता. पुढें जानेवारी २०२२ मध्यें अपील न्यायाधिकरणानें ती मंजुरी रद्द केली. पण बँकांच्या कमिटीनें आपल्या हातानें त्या बोलीस संमति दिली होती, ती कशी पुसली जाणार ?

न्हाव्यास आम्ही म्हटलें, तुझा संबंध इतकाच कीं तूं केस कापतोस त्यास हजामत म्हणतात. आणि बँकेनें रुपयांतील पंचाण्णव पैसे सोडले तर हजामत होते ती ठेवीदाराची व रयतेची. बँकेची थैली रिकामी झाली कीं सरकार भरतें, आणि सरकारची थैली भरतां तुम्हीं आम्हीं.

हें दुखणें आपल्याच मुलखाचें आहे असें नाहीं. २००८ सालीं अमेरिकेंत एकाच वर्षांत दोन्ही प्रकार झाले. फेब्रुवारींत कायदा करून सामान्य माणसास सहाशें डॉलरपर्यंत कराची सूट चेकनें घरपोंच दिली. सप्टेंबरांत तेथील पेढ्या कोसळूं लागल्या, तेव्हां त्यांना सावरण्यासाठीं ७०० अब्ज डॉलरची योजना आली. त्या वेळीं तेथील लोक खवळले. प्रतिनिधींच्या कचेऱ्यांत पत्रांचा व फोनांचा पाऊस पडला आणि २९ सप्टेंबर रोजीं प्रतिनिधिसभेनें ती योजना फेंटाळली. बाजार गडगडला, मग ३ ऑक्टोबरास थोडा फेरफार करून ती संमत झाली. पुढच्या मार्चांत, सरकारी पैशावर जगलेल्या ए. आय. जी. नांवाच्या विमा कंपनीनें आपल्या अधिकाऱ्यांस १६.५ कोटी डॉलरचे बोनस वांटल्याचें उघड झालें, तेव्हां पुन्हां गहजब उडाला. त्या सातशें अब्जांतून जें वाटलें त्यांतील बरेंच सरकारास परत मिळालें, हेंही सांगितलें पाहिजे. आम्हांस त्यांतून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, तेथील मजुरानें व दुकानदारानें मान खालीं घातली नाहीं. पैसा आपला आहे असें समजून त्यानें जाब विचारला.

आपल्या इकडे उलट आहे. एप्रिल २०२५ मध्यें राज्याचे तेव्हांचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनीं, माफीचे पैसे साखरपुड्यांत व लग्नांतच घालतां ना, अशा अर्थाचें शेतकऱ्यांस ऐकविलें. मागाहून त्यांनीं दिलगिरी दाखविली. लग्नांतील उधळपट्टीवर आम्हीं आजवर कमी कोरडे ओढलेले नाहींत आणि पुढेंही ओढूं. पण तो घरांतला झगडा आहे. कंपनीच्या करांतील कपातीचे पैसे मालकाच्या मुलीच्या लग्नांत गेले कीं यंत्रांत, हें कोणत्या मंत्र्यानें भर रस्त्यांत विचारलें ?

आतां कडू बोलावयाचें तें आपल्या घराविषयीं.

कर्जमाफी आली म्हणजे ती गांजलेल्यासच पोंचते असा समज असेल तर तो सोडावा. २९ फेब्रुवारी २००८ रोजीं अर्थमंत्री चिदंबरम यांनीं साऱ्या देशासाठीं ६०,००० कोटींची माफी जाहीर केली. पूर्ण माफीस अट पांच एकरांची. विदर्भांतील कोरडवाहू सात-आठ एकरांचा कापूसवाला, ज्याच्या दारांत मरण उभें होतें, तो या अटीनें मोठा शेतकरी ठरला. पाटाच्या पाण्यावर पांच एकर ऊंस पिकविणारा लहान ठरला. माप एकच, जमीन निराळी. पुढें महालेखापरीक्षकांनीं ९०,५७६ खातीं तपासून २०१३ सालीं अहवाल दिला, तेव्हां शेंकडा बावीस खात्यांत चुका निघाल्या. लायक असून वगळलेले सांपडले, नालायक असून घेतलेलेही सांपडले. बँकेचें माफ झालें तरी सावकाराकडील कर्ज आणि खतवाल्याची उधारी तशीच राहिली, हें तर अहवाल न वाचतांही ठाऊक आहे.

आणि माफीची वेळच कां येते, हें विचारल्याशिवाय माफी मागणें म्हणजे भोंक बुजविल्याशिवाय रांजणांत पाणी ओतणें आहे. कांद्याचें पाहा. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला. ८ डिसेंबरास निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. लासलगांवचा बाजार कोसळला. शहरांतील चूल स्वस्त राहावी म्हणून हें केलें असें सरकार म्हणालें, असेल. पण ती स्वस्ताई दिली कोणीं ? नाशिक व नगरच्या शेतकऱ्यानें, आपल्या खळ्यावर. गोणीमागें जो भाव बुडाला तो त्यानें भरलेला करच होता. त्यास दर नाहीं, अर्ज नाहीं, कोणत्या अंदाजपत्रकांत रकाना नाहीं. तो कर आधीं घ्यावयाचा आणि दोन वर्षांनीं त्यांतील चार आणे माफी म्हणून परत करावयाचे, तेही अंगठा घेऊन. हें उपकार म्हणून स्वीकारावें हें आम्हांस पटत नाहीं. भाव पाडूं नका असें आम्ही आधीं म्हणूं. पाडलात तर भरपाई द्या असें मागून म्हणूं. माफी हा शब्द आमच्या मागणींत असूंच नये.

अजून एक गोष्ट राहिली, ती त्या दुकानांतच उघडी पडली. न्हाव्यानें फडकें झटकलें व म्हणाला, "आबा, तुमचं होईल काय तें. पण पीक गेलं तर आमचं काय राहतं ? आमच्याकडं सातबारा नाहीं, मग आमचं नांव कुठल्या यादींत ?" प्रश्न अगदीं सरळ होता आणि आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. २००८, २०१७, आणि २०१९ च्या डिसेंबरांत जोतीराव फुल्यांच्या नांवानें आलेली दोन लाखांची कर्जमुक्ति, या तिन्हींत लोहार, सुतार, कुंभार, परीट, चांभार यांस धंद्याच्या कर्जासाठीं जागा नव्हती. गांवांत पीक बुडालें कीं भाता थंड होतो, नव्या चपला कोणी करीत नाहीं, लग्नें पुढें गेल्यामुळें मडकीं पडून राहतात. कारागिरांसाठीं सप्टेंबर २०२३ मध्यें विश्वकर्मा योजना निघाली; अठरा धंद्यांस आधीं एक लाख व पुढें दोन लाख कर्ज, पांच टक्के व्याजानें. चांगली आहे. पण तें कर्ज आहे. अतिवृष्टीच्या वर्षीं तो हप्ता कोठून भरावयाचा हें तींत लिहिलेलें नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें पुरासाठीं ३१,६२८ कोटींची मदत जाहीर झाली, तींतही मोठा भाग पीक, जमीन व गुरें यांचा. शेतकऱ्यांच्या सभा होतात, ठराव होतात. त्यांत कारागिरांसाठीं एक ओळ घालण्याचें शेतकरी पुढाऱ्यांस अजून सुचलेलें नाहीं. आम्हांसही इतके दिवस सुचलें नाहीं, हें लपवून काय उपयोग.

म्हाताऱ्यांची दाढी आटोपली. तोंड पुसून ते पुतण्याकडे वळले व म्हणाले, "पोरा, तुझ्या शिक्षणाला सोसायटीचं कर्ज काढलं होतं. तें माफींत बसलं नाहीं. मी फेडलं." तरुण कांहीं बोलला नाहीं, त्यानें फोन खिशांत घातला. मग म्हाताऱ्यांनीं बंडीच्या खिशांत हात घातला, पुन्हां बाहेर काढला.

न्हाव्यानें फळीवरची वही घेतली. बरींच पानें भरलेलीं होतीं.

"लिहूं का, आबा ?"

"लिही. मागचे किती झाले ?"

"दिवाळीपासून नाहीं बघितलं," असें म्हणून त्यानें तारीख घातली आणि आम्हांस खुर्चीवर बोलाविलें.